युरोप टूर काढणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र: लंडनचं १० नंबरचं घर दाखवा, पण घरासकट दाखवा

नमस्कार दादा, ताई आणि समस्त टूर मॅनेजर मंडळी,

आधीच सांगतो, हे पत्र कुणा एका कंपनीला नाहीये. ज्या कंपनीसोबत माझे आईबाबा मागच्या मे महिन्यात आले त्यांचं नाव मी घेणार नाही, माणसं चांगली होती, वेळेवर चहा देत होती, पोहे-उपमा मिळत होता, आईला गुडघ्यामुळे बसमध्ये पुढची सीट दिली, सगळं ओके. पण दीड दिवसाच्या लंडनमध्ये तुम्ही लोक काय दाखवता तर मेणाचे पुतळे, मोठा पाळणा, राजवाड्याचं गेट, आणि डाउनिंग स्ट्रीटच्या लोखंडी फाटकाच्या बाहेर उभं राहून 'ते बघा तिकडे १० नंबर, पंतप्रधान राहतात'. दिसत काहीच नाही, पोलीस दिसतात. आई म्हणाली अहो आम्हाला बाबासाहेबांचं घर बघायचंय, तेही १० नंबरच आहे ना, तर उत्तर आलं की 'मावशी, ते आपल्या आयटिनररीत नाही, आणि तिथे बघण्यासारखं काय, साधं घर आहे.'

साधं घर आहे. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. म्हणून हे लिहितोय.

लंडनमध्ये आपली, म्हणजे मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची, १० नंबरची दोन घरं आहेत. एक १०, किंग हेन्रीज रोड, जिथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले (आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे). दुसरं १०, हाउली प्लेस, जिथे १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक राहिले, चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले होते तेव्हा. दोन्ही घरं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली (राणी १८३७ ते १९०१, आपल्याकडे पेशवाई जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर सुरू आणि प्लेगच्या साथीनंतर संपली असं लक्षात ठेवायचं), आणि दोन्ही घरं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एका दिवशी दोन्ही बघितली तर इंग्लंडातला श्रीमंतीचा आणि भाड्याच्या खोलीचा सगळा हिशोब कळतो. पण त्यासाठी नुसती निळी पाटी (नामवंत माणूस राहिलेल्या घरावर इथे लावतात ती) बघून सेल्फी काढून चालत नाही, घराकडे बघायला लागतं.

आता मला काय कळतं यातलं असं विचाराल. मी आर्किटेक्ट नाही. आयटीत आहे. पण सहा वर्षं पूर्व लंडनमध्ये एका व्हिक्टोरियन ओळीच्या घरात भाड्याने राहतोय, आणि हे घर मला रोज काहीतरी शिकवतंच, कारण रोज काहीतरी बिघडतं.

खिडकीचंच घ्या. या घरांच्या खिडक्यांना आपल्यासारख्या बिजागऱ्या नसतात, दोन काचेच्या चौकटी वरखाली सरकतात. एवढी जड चौकट एका हाताने उचलली की जिथे सोडाल तिथे थांबते, मला पहिल्या दिवशी वाटलं आत स्प्रिंग असणार. गेल्या जानेवारीत रात्री दोन वाजता धाडकन आवाज आला, वरची चौकट खाली आली, आणि भिंतीच्या आत काहीतरी गडगडत गेलं. मालकाच्या एजंटाने तीन आठवडे फोन उचलला नाही (त्याचंही नाव नको), मी पुठ्ठा लावून झोपत होतो, मग एकदाचा एक पोलिश सुतार आला. त्याने चौकटीच्या बाजूला एक लाकडी फळी होती ती दोन स्क्रू काढून उचकटली, आत हात घातला आणि बाहेर काढला एक लोखंडी दांडा, हातभर लांब, गोल, काळा, वर दोरी बांधायला भोक. दोन्ही बाजूंना असे दांडे लटकलेले असतात, दोरी कप्पीवरून जाऊन चौकटीला बांधलेली, चौकटीचं वजन आणि दांड्यांचं वजन सारखं, म्हणून खिडकी कुठेही थांबते. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचंच गणित, फक्त भिंतीत लपवलेलं. दोरी कुजली की झालं. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, आईचा लगेच रिप्लाय: 'अरे हा तर खलबत्त्यातला बत्ता!' तेव्हापासून आमच्या घरात त्याला बत्ताच म्हणतात.

त्याच सुताराने अजून एक गोष्ट दाखवली जी मी तेव्हापासून प्रत्येक रस्त्यावर बघतो. वरच्या चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना लाकडाची छोटी टोकं खाली आलेली असतात, त्यांना ते लोक शिंगंच म्हणतात. नक्षी वाटते, पण आहे कामाची. आधीच्या काळात काच महाग, तुकडे लहान, एका चौकटीत सहा-सहा छोट्या काचा बसवायचे आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यांमुळे चौकटीला बळ यायचं. मग १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला, १८५० मध्ये विटांवरचा गेला, आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर गेला, हो, दीडशे वर्षं या देशात खिडक्या मोजून कर घेत होते, लोकांनी कर वाचवायला खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या आणि त्या बुजवलेल्या खिडक्या अजून दिसतात. कर गेले तशा काचा मोठ्या झाल्या, मधल्या पट्ट्या गेल्या, काच जड झाली, सांधा निखळायला लागला, म्हणून कोपऱ्याला लाकूड थोडं लांब सोडून मजबुती दिली. म्हणजे शिंगं दिसली की ढोबळमानाने समजायचं, खिडकी व्हिक्टोरियन. तुमच्या बसमध्ये माइकवर हे एक वाक्य सांगितलंत ना तरी पंचेचाळीस माणसं दिवसभर खिडक्या बघत बसतील, खोटं वाटत असेल तर करून बघा.

तर आईबाबांची टूर संपली, पुढे चार दिवस ते माझ्याकडे राहिले, आणि आम्ही स्वतःच निघालो. बाबा पीडब्ल्यूडीतून ज्युनियर इंजिनियर म्हणून रिटायर झालेत, साताऱ्याला. आई शाळेत शिक्षिका होती. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरायचं, ते स्टेशनसुद्धा बघण्यासारखं आहे, गडद लाल टाइल्सचं, १९०७ चं, म्हणजे बाबासाहेब आले तेव्हा ते तिथे होतंच. तिथून चालत पाच-सात मिनिटं.

रस्त्याच्या कोपऱ्यावरच बाबा थांबले. मला वाटलं दमले. तर ते एका भिंतीकडे तोंड करून उभे, बोटाने हवेत काहीतरी मोजतायत. म्हणाले, 'फ्लेमिश बाँड.' आपल्याकडे सिव्हिलच्या डिप्लोमाला प्रत्येक पोराने इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँडच्या आकृत्या काढलेल्या असतात, एक वीट आडवी एक वीट उभी, हेडर स्ट्रेचर हेडर स्ट्रेचर, कोपऱ्यात क्वीन क्लोजर, परीक्षेत दहा मार्काला यायचं, आणि आयुष्यभर साइटवर ते फारसं बघायला मिळत नाही कारण आपण भिंत बांधली की प्लास्टर मारून मोकळे. बाबांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर ती आकृती पहिल्यांदा रस्त्यावर उभी बघितली. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, कशा भरल्यात ते बघितलं, आणि मला विचारलं की वीट पिवळी कशी. मी सांगितलं ही लंडनची खास वीट, इथल्या मातीत खडू मिसळतात म्हणून भाजल्यावर पिवळी होते, आणि मातीत घराघरातल्या कचऱ्यातली चाळलेली राख पण घालायचे, म्हणजे वीट आतून पण जळायची, कोळसा वाचायचा. बाबा म्हणाले, 'म्हणजे शहराने आपलीच राख खाल्ली आणि परत त्याचीच घरं बांधली.' मग पुढे शंभर वर्षं त्याच शहराच्या चुलींच्या धुराने त्या पिवळ्या विटा काळ्या केल्या. १९५२ च्या डिसेंबरात धुराचं एवढं मोठं संकट आलं की माणसं मेली हजारोंनी, मग १९५६ ला स्वच्छ हवेचा कायदा झाला, त्यानंतर हळूहळू लोकांनी भिंती धुऊन काढल्या. आज जी गोरीगोमटी घरं दिसतात ती बाबासाहेबांनी बघितलेली नाहीत. त्यांच्या वेळी हा सगळा भाग काजळीत होता, जवळूनच रेल्वे जाते, १८३७ चा बोगदा आहे तिथे.

एक गंमत अजून. किंग हेन्री कोण, तर ईटन शाळा काढणारा सहावा हेन्री. ही सगळी जमीन त्या ईटन कॉलेजची होती, शेतं होती. त्यांनी जमीन विकली नाही, लीजवर दिली, बिल्डरने ओळीच्या ओळी घरं उठवली, लोक तिथे वर्षांच्या कराराने राहणार आणि मुदत संपली की घर जमिनीसकट परत शाळेचं. इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या घरच्या पोरांच्या शाळेच्या जमिनीवर, शाळेत वर्गाबाहेर बसवलेला आपला मुलगा भाड्याची खोली घेऊन डी.एस्सी. करत होता. यावर मी काही जास्त बोलत नाही, तुमच्या गाइडला सांगू दे.

हे ओळीचं घर म्हणजे काय ते आपल्या लोकांना पटकन कळत नाही, बंगला म्हणावा तर दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्याची, चाळ म्हणावी तर प्रत्येकाचा जिना वेगळा. आई म्हणाली चाळ उभी केलीय. अगदी बरोबर बोलली. आपली चाळ आडवी, एका मजल्यावर दहा बिऱ्हाडं. यांचं एकच बिऱ्हाड उभं, तळघरापासून माळ्यापर्यंत चार मजल्यांवर ताणलेलं. आणि वाड्याच्या बरोबर उलट. वाड्याचं वैभव आत, चौकात, रस्त्याला नुसती भिंत आणि दिंडी दरवाजा. यांचं वैभव सगळं रस्त्याकडे. पुढे पांढरा गिलावा, खिडकीभोवती नक्षी, दाराला खांब, आणि मागच्या गल्लीत जाऊन बघा, नागड्या विटा आणि ड्रेनेजचे पाइप. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ना, घरांनाही लागू होतं.

आत गेल्यावर जिन्याकडे बघा हो. हे मी हात जोडून सांगतोय. कारण या घरांमध्ये कोण कुठपर्यंत जाणार हे जिनाच सांगतो. तळघरात स्वयंपाकघर आणि मोलकरणींची धावपळ, रस्त्याच्या पातळीवर आणि त्याच्या वर बैठकीच्या खोल्या, तिथे छत उंच, भिंतीच्या कडेने प्लास्टरची वेलबुट्टी, छताच्या मध्ये मोठं फूल (काही फुलांना भोकं असायची, गॅसच्या दिव्याची गरम हवा जायला). त्याच्या वर झोपायच्या खोल्या, छत जरा खाली, वेलबुट्टी साधी. सगळ्यात वर नोकरांच्या आणि मुलांच्या खोल्या, छत डोक्याला लागेल असं, नक्षी शून्य. बऱ्याच घरांत कठड्याचे गजसुद्धा पहिल्या मजल्यापर्यंत कातीव असतात आणि जिथून पाहुणा वर जाणार नाही तिथून पुढे सरळ चौकोनी काठ्या. पैसे वाचवले, दुसरं काय. बाहेरूनही दिसतं, खिडक्या वर वर जातात तशा छोट्या होतात. आईने माझ्या भाड्याच्या घरात हे बघितलं आणि जिन्यात मध्येच थांबून म्हणाली, 'म्हणजे इथेही पायरी पाहून माणूस.' मी गप्प बसलो.

आणि मग काळ बदलला, पहिलं महायुद्ध झालं, नोकर मिळेनात, एवढाली घरं एका कुटुंबाला परवडेनात, तर मालकिणींनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. प्रत्येक खोलीत शेगडीची जागा होतीच, गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं की ऊब, नाणं संपलं की थंडी. आपले विद्यार्थी अशाच खोल्यांमध्ये राहिले. बाबासाहेब १९२० मध्ये लंडनला परत आले ते सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं कर्ज यावर. त्या वर्षांबद्दल चरित्रात आपण सगळ्यांनी वाचलंय, सकाळी मालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, रात्री बोव्हरिलचा, म्हणजे मांसाच्या अर्काच्या गरम पेयाचा, कप, आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भुकेला आधार. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, सगळ्यात आधी आत आणि सगळ्यात शेवटी बाहेर. ते वाचनालयसुद्धा व्हिक्टोरियनच, १८५७ चं, गोल, वर १४० फुटांचा घुमट, बिडाच्या फासळ्यांवर उभा. किंग हेन्रीज रोडपासून तिथपर्यंत साडेतीन-चार किलोमीटर. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि त्या मापाच्या घरात उभं राहणं वेगळं. आई संग्रहालयात फोटो आणि पुस्तकं बघत होती तेव्हा ठीक होती. जिना चढताना कठड्याला हात लावला आणि तिथेच थांबली. मागे पुण्याचं एक कुटुंब होतं ते पण थांबलं. कोणी काही बोललं नाही, मिनिटभर जिन्यात ट्रॅफिक जॅम. मग आईने पदराने कठडा पुसला. कशाला पुसला ते मी विचारलं नाही, धूळ नव्हती.

हे घर आपल्याला मिळालं कसं तेही तुमच्या लोकांना माहीत असू द्या. २०१५ मध्ये ते विकायला निघालं, महाराष्ट्र सरकारने सुमारे ३१ लाख पौंडांना घेतलं, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला इथे स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, आणि २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली, मुद्दा असा की राहायचं एक घर कमी होतं. शेजाऱ्यांनाही गर्दीचा त्रास वाटत होता. मग अपील, २०१९ मध्ये चौकशी, आणि २०२० च्या मार्चमध्ये इथल्या मंत्र्यांनी परवानगी दिली. आपल्याकडे फॉरवर्ड फिरले तेव्हा सगळे कौन्सिलला शिव्या घालत होते. मला विचाराल तर, ज्या शहरात घरांची अशी मारामार आहे तिथे हा प्रश्न विचारला जाणं मला तरी चुकीचं वाटत नाही. उत्तर आपल्या बाजूने लागलं हे चांगलंच झालं. पण म्हणूनच सांगतो, पन्नास सीटची बस त्या रस्त्यावर घालू नका, भिंतीपलीकडे लोक राहतात, ओळीच्या घरात शेजारचा शिंकला तरी ऐकू येतो (माझा शेजारी सकाळी साडेपाचला शिंकतो, रोज, तीनदा). ट्यूबने आणा, पंधरा-पंधराचे गट करा, घोषणा वगैरे पार्कात. प्रिमरोझ हिल शेजारीच आहे, तिथून सगळं लंडन दिसतं, फुकट, आणि तुमच्या त्या पाळण्यात रांगही लावायला नको.

आता टिळकांचं घर. हे वॉर्विक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनजवळ, कालव्याच्या काठाला, त्या भागाला लिटल व्हेनिस म्हणतात. इथे आत जाता येत नाही, लोक राहतात, रस्त्यावरूनच बघायचं. निळी पाटी १९६१ ची आहे. इथली घरं पूर्ण पांढरी, विटा दिसतच नाहीत, विटांवर गिलावा, गिलाव्यावर रेघा मारून मोठ्या दगडांचा आभास, म्हणजे श्रीमंतीतही थोडी ढकलाढकल. बाबांना हे फार आवडलं, म्हणाले आमचे कॉन्ट्रॅक्टर पण हेच करतात. गायकवाड वाड्यातला माणूस, चौक, तुळशी, केसरीचा छापखाना हे सगळं सोडून या पांढऱ्या रांगेत राहिला, खटला हरला, आणि परत गेला. पाटीवर त्यांना देशभक्त आणि तत्त्वज्ञ म्हटलंय. ज्या देशाने मंडालेला पाठवलं त्या देशाच्या राजधानीची ही पाटी. आई म्हणाली फोटो काढ, यावेळी मी पण काढला.

आणि आता माझी खरी सूचना, नीट वाचा, यात तुमचाही धंदा आहे. लिटल व्हेनिसहून कॅम्डेनला कालव्यातून बोट जाते. रीजंट्स कॅनॉल, १८२० चा. लांबट निमुळती बोट, रस्त्यात बोगदा, मग रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणीसंग्रहालयाच्या मधून, पाऊण-एक तासात कॅम्डेन लॉकला उतरायचं. तिथून किंग हेन्रीज रोड चालत पंधरा-वीस मिनिटं, गुडघेवाल्यांना टॅक्सी. म्हणजे एका १० नंबरहून दुसऱ्या १० नंबरला बोटीने! थेम्सच्या बोटीला तुम्ही लोक पैसे घेताच ना, त्याऐवजी ही घाला. अर्ध्या दिवसात टिळक, कालवा, आंबेडकर, टेकडी. मध्ये कॅम्डेन मार्केटला शंभर प्रकारचं खाणं मिळतं, तुमचा थेपला-खाखऱ्याचा खर्च पण वाचेल.

ज्यांना अजून अर्धा दिवस असेल त्यांना केन्सिंग्टनमध्ये १८, स्टॅफर्ड टेरेसला न्या. हे पण ओळीतलंच घर, पण आतून जसंच्या तसं राहिलेलं. पंच या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिनली सँबर्न १८७५ मध्ये बायकोला घेऊन तिथे राहायला आले आणि पुढच्या पिढ्यांनी काही हलवलंच नाही. भिंतीवर भिंत दिसत नाही इतकी चित्रं, विल्यम मॉरिस या डिझायनरचे वॉलपेपर, रंगीत काचा, चिनी मातीची भांडी, अंधार. आपल्याकडे आजीच्या कपाटात जसं सगळं कोंबलेलं असतं तसं अख्खं घर. हे बघितलं की कळतं की किंग हेन्रीज रोडवरच्या रिकाम्या, पांढऱ्या भिंती त्या काळात कशा नटलेल्या असतील, आणि नटलेलं घर खोल्या-खोल्यांनी भाड्याला लागल्यावर काय झालं असेल. गंमत म्हणजे व्हिक्टोरियन इमारती वाचवायची जी सोसायटी १९५८ मध्ये निघाली तिची पहिली बैठक याच घरात झाली होती, कारण तेव्हा लोकांना ही घरं भंगार वाटत होती, धडाधड पाडत होते. निळ्या पाट्यांची योजना सुद्धा १८६६-६७ ची, तीही व्हिक्टोरियनच, आणि पहिली पाटी लागली ते कवी बायरनचं घर पुढे १८८९ मध्ये पाडून टाकलं. पाटी लावली म्हणून घर वाचतंच असं नाही, हे आपण पुण्या-मुंबईच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल लोकांना यात इंटरेस्ट नाही. अहो, तुमचे सगळे पॅसेंजर व्हीटीखालून आयुष्यभर लोकल पकडून गेलेत. स्टीव्हन्स या आर्किटेक्टने बांधलेलं, १८८८ ला पूर्ण झालेलं स्टेशन, माकडं मोर घोरपडी दगडात कोरलेल्या, आणि आपण त्याच्याखाली डोकं खाली घालून ८.१२ ची फास्ट गाठायला पळतोय. व्हिक्टोरियन म्हणजे काय हे मुंबईकराला शिकवायला नको, त्याला फक्त एकदा मान वर करायला सांगायचं. आमच्या बाबांनी इथून गेल्यावर पहिल्यांदा व्हीटीसमोर उभं राहून अर्धा तास दरजा बघितल्या, फोटो पाठवलेत मला चाळीस. हवालदाराने हटकलं म्हणे.

एक बारीकशी गोष्ट. जुन्या फूटपाथवर, घरांच्या समोर, लोखंडी गोल झाकणं असतात, आपल्या मोठ्या वरणाच्या ताटाएवढी, वर चांदण्यांची नाहीतर फुलांची नक्षी, म्हणजे पाऊस असला तरी पाय घसरू नये. ती गटाराची नाहीत. ती कोळशाची. कोळसेवाला घरात यायचाच नाही, रस्त्यावरून झाकण उघडायचा आणि पोतं रिकामं करायचा, खाली फूटपाथच्या पोटात तळघर, तिथे कोळसा, तिथून बादलीने वर, चार मजले, प्रत्येक खोलीत. कोण नेणार बादली, तर तीच पंधरा-सोळा वर्षांची मोलकरीण पोरगी, जी सगळ्यात वरच्या खोलीत झोपायची. छपरावरच्या धुराच्या चिमण्यांची टोपणं (साधारण दर शेगडीला एक) मोजली की घरात किती शेगड्या होत्या ते कळतं, म्हणजे तिच्या किती खेपा झाल्या तेही कळतं. आईने एका घरावर आठ मोजली. नंतर दिवसभर ती टोपणंच मोजत होती आणि दर घराला 'बिचारी' म्हणत होती.

तर एवढं करा. आयटिनररीत दोन ओळी घाला, आणि तुमच्या टूर मॅनेजरला एकदा सुट्टीच्या दिवशी एकट्याने पाठवून त्या रस्त्यावर चालायला लावा. संग्रहालयाच्या वेळा आधी बघून घ्या, बंद दारासमोर पंचेचाळीस माणसं उभी करू नका. आणि शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराच्या घरासमोर फोटोला अर्धा तास देता तो पंधरा मिनिटांवर आणा, तो राहत नव्हता तिथे, कुठेच राहत नव्हता.

आईच्या भजनी मंडळाचा ग्रुप पुढच्या मे महिन्यात येतोय, चौदा जणी आहेत, तीन कंपन्यांची कोटेशनं मागवलीत. आईने प्रत्येकीला खिडकीची शिंगं आणि चिमणीची टोपणं शिकवून ठेवलीत, त्या विचारणार. बाराजणींचे गुडघे दुखतात, तेव्हा जिन्यात घाई करू नका, आणि कोणी कठडा पुसायला लागली तर पुसू द्या.

तुमचा,
लंडनमधला एक भाडेकरू
(खिडकी परत अडकलीय, यावेळी खालची)